उस्ताद अब्दुल करीम खाँ : बीन, बडोदे आणि तबकड्या

हिराबाई बडोदेकरांचे नाव मंडळात निघाले की तरुण सभासदांपैकी कोणीतरी हमखास विचारतो, त्या आपल्या बडोद्याच्या होत्या का? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. हिराबाईंचा जन्म 1905 साली मिरजेत झाला, नाव झाले पुण्या-मुंबईत, आणि आडनाव मात्र त्यांनी आपल्या गावाचे लावले. या आडनावामागची हकीकत त्यांच्या आईवडिलांची आहे. वडील म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँ. त्यांचे गाणे आज उरले आहे ते तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांमध्ये. त्या तबकड्यांकडे नीट कान द्यायचा तर खाँसाहेबांचे वाद्यांशी आणि सुरांशी काय नाते होते हे ठाऊक असावे लागते, म्हणून हा लेख.

खाँसाहेबांचा जन्म 11 नोव्हेंबर 1872 रोजी उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगरजवळच्या किराणा (आजचे कैराना) या गावी झाला. घराणे गवयांचे, सारंगियांचे आणि बीनकारांचे. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांची तालीम झाली. या घराण्यात ज्यांचे नाव सर्वांत आदराने घेतले जाते ते बंदे अली खाँ बीनकार होते, गवई नव्हते. त्यांची कबर पुण्यात आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण किराणा गायकी समजायची किल्ली आमच्या मते इथेच आहे.

बीन म्हणजे रुद्रवीणा. दोन मोठे भोपळे, मध्ये पोकळ दांडी, दांडीवर मेणाने बसवलेले पडदे. मेणाने बसवलेले असल्यामुळे ते वादकाच्या कानाप्रमाणे थोडे मागेपुढे सरकवून पक्के करता येतात. तार नखीने छेडायची आणि पडद्यावर दाबून ओढायची. एकदा छेडलेली तार बराच वेळ बोलत राहते, आणि त्या विरत जाणाऱ्या आवाजात बीनकार एका स्वरातून दुसऱ्या स्वरात सरकत जातो. आवाज मोठा नसतो. शंभर-दोनशे माणसांच्या पलीकडे तो जात नाही. त्यामुळे बीनकाराला घाई करून चालत नाही, आणि स्वर जागेवर नसेल तर तो लपवायलाही जागा नसते. खाँसाहेबांनी गळ्याने जे केले ते पुष्कळसे हेच होते. संथ आलाप, एकेका स्वरावर मुक्काम, एकातून दुसऱ्यात न तुटता जाणारी मींड. ते स्वतः बीनही वाजवत, सारंगीही वाजवत. नादुरुस्त वाद्ये दुरुस्त करण्यात त्यांचा हात बसलेला होता. तंबोरा लावायला बसले की तो मनाजोगता लागेपर्यंत ते उठत नसत.

1894 च्या सुमारास ते भाऊ अब्दुल हक यांच्यासह बडोद्याला आले आणि सयाजीराव महाराजांच्या दरबारी नोकरीला राहिले. त्या वेळचे बडोदे गाण्याच्या दृष्टीने केवढे होते हे आपल्या मुलांना सांगावे लागते. सूरसागरच्या काठची गायनशाळा 1886 मध्ये सुरू झालेली होती आणि तिचे मौलाबक्ष हयात होते. भास्करबुवा बखल्यांचे गुरू फैज महंमद खाँ याच दरबारचे. दरबारी बीनकार जमालुद्दीन खाँ होते. गवई, वादक, कलावंतिणी या सगळ्यांसाठी संस्थानात एक स्वतंत्र खातेच होते, त्याला कलावंत कारखाना म्हणत. पुढे त्या खात्याचे लेखी नियमही झाले. त्यात रजा, हजेरी, दंड सगळे आले. आम्ही सारी हयात बँकेच्या मस्टरवर सह्या करण्यात घालवली, त्यामुळे उस्तादांच्याही हजेरीचा हिशेब ठेवला जात होता हे वाचून थोडे बरे वाटले, हे लपवत नाही.

अशा बडोद्यात विशी ओलांडलेला हा गवई चांगला स्थिरावला असता. तसे झाले नाही. राजघराण्याशी नाते असलेले सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत होती. शतक संपत आले असताना दोघांनी बडोदे सोडले आणि मुंबई गाठली. मुलगी मराठा सरदाराची, मुलगा दरबारचा मुसलमान नोकर. आजही घराघरांत आवाज चढेल अशी ही गोष्ट, तर तेव्हा काय झाले असेल याची कल्पना करावी. बडोद्याची दारे दोघांनाही बंद झाली. आपल्या गावाने त्यांना घालवून दिले, की ते आपण होऊन गेले, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. परत येता येणार नाही हे दोघांनाही निघतानाच ठाऊक होते. ताराबाईंनी काय सोडले ते पाहिले की आम्हाला त्या जास्त धीराच्या वाटतात. गवयाला दुसरा दरबार मिळतो. सरदाराच्या मुलीला दुसरे माहेर मिळत नाही.

पुढे खाँसाहेब मिरजेला आले ते प्लेगच्या दिवसांत. तिथे ते स्वतः आजारी पडले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात सेवा केल्यावर बरे झाले अशी त्यांची श्रद्धा होती. तेव्हापासून मिरज हेच त्यांचे घर झाले. दरसाल उरुसाला ते कुठेही असले तरी येऊन दर्ग्यात गात. नोकरीत असताना आम्ही तीन वर्षे त्या भागात होतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळे वाळत टाकलेले आणि आत कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत बसलेले पाहिले, की वाद्यांची एवढी ओढ असलेला माणूस इथेच का रमला हे वेगळे सांगावे लागत नाही. जवारी म्हणजे घोडीवर तार जिथे टेकते ती जागा घासून अशी करणे, की तार नुसती न वाजता गुंजते. घोडीखालून एक दोरा सरकवला की आवाज उघडतो. केसाएवढे अंतर इकडे-तिकडे झाले की बंद होतो.

मिरजेला खेटूनच सांगली. तिथे कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. भरताच्या ग्रंथात एका सप्तकात बावीस श्रुती सांगितल्या आहेत, त्या नेमक्या कोणत्या, हे मोजून दाखवायचा त्यांनी ध्यास घेतला होता. मोजायला गळा हवा, आणि तो गळा खाँसाहेबांचा मिळाला. तारेची लांबी कमीजास्त करून, खाँसाहेबांनी लावलेला स्वर तारेशी जुळवून, प्रमाणे काढायची असा उद्योग होता. 1910 मध्ये देवलांनी आपले निष्कर्ष इंग्रजीत छापले. अर्नेस्ट क्लेमेंट्स नावाचे आयसीएस अधिकारी, न्यायाधीश, तेही या कामात सामील झाले.

हे प्रकरण नेमके काय आहे ते आकड्यांत सांगतो, कारण बी.कॉम. झालेल्या माणसाला ते आकड्यांतच समजले. षड्ज सेकंदाला 240 कंपनांचा धरा. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गांधार षड्जाच्या सव्वापट असतो, म्हणजे 300. बाजारच्या पेटीतला गांधार मात्र 302.4 च्या आसपास येतो, कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. कोमल गांधार तारेच्या हिशेबाने 288, पेटीत 285.4. दोन-अडीच कंपनांचा फरक. व्यवहारात दोन-अडीच रुपयांना कोण विचारतो? पण लेजर जुळत नसेल तर दोन रुपयांसाठी रात्री दहापर्यंत बसलेले आम्ही लोक. खाँसाहेब त्या दोन कंपनांसाठी बसत. आणि तोडी, दरबारी यांसारख्या रागांत गांधार याहूनही खाली, हलता असतो, तो कुठल्याच पट्टीत नसतो.

मग या मोजमापांवरून लंडनच्या कारखान्यातून खास श्रुती-हार्मोनियम बनवून आणण्यात आली, आणि गंमत अशी की तिची परीक्षा झाली ती आपल्या बडोद्यात. मार्च 1916 मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद इथे भरली. देवल आणि क्लेमेंट्स यांनी पेटी सर्वांसमोर मांडली. झाकिरुद्दीन खाँ आणि अल्लाबंदे खाँ या ध्रुपदियांनी गाऊन पाहिले. पेटी पसंतीस उतरली नाही. भातखंड्यांचाही असल्या मोजणीवर विश्वास नव्हता. आम्हाला विचाराल तर दोन्ही बाजूंचे थोडे थोडे खरे होते. खाँसाहेबांचा स्वर अचूक होता, यात शंका नाही. पण तो पेटीत बंद करता येईल हे देवलांचे म्हणणे टिकणारे नव्हते, कारण गाताना तो एका जागी उभाच राहत नाही.

याच सुमारास तिकडे युरोपातही काही माणसे जुन्या सुरांच्या मागे लागली होती, ते इथे सांगायला हवे. बाख आणि स्कार्लाती यांच्या काळी, म्हणजे अठराव्या शतकात, हार्पसिकॉर्ड हे वाद्य घरोघर होते. दिसायला पियानोसारखे, पण पट्टी दाबली की हातोडी आपटत नाही, पक्ष्याच्या पिसाच्या टोकाने तार छेडली जाते. म्हणजे जात आपल्या बीन-तंबोऱ्याची. आवाज लहान. वादक स्वतः सुरात लावत असे, आणि तेव्हाची जुळणी आजच्या पियानोसारखी समान तुकड्यांची नसे, त्यामुळे प्रत्येक पट्टीचा रंग वेगळा वाटे. मोठी सभागृहे आली, पियानो आला, आणि हे वाद्य अडगळीत गेले. आर्नोल्ड डोल्मेच यांनी जुनी वाद्ये दुरुस्त करायला आणि त्या धर्तीची नवी घडवायला सुरुवात केली. वांडा लँडोव्स्का या बाईंनी 1933 मध्ये पॅरिसला बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सचे हार्पसिकॉर्डवर ध्वनिमुद्रण केले आणि जगाला हा आवाज पुन्हा ऐकू आला. मात्र त्यांचे वाद्य नव्या बनावटीचे, पियानोच्या कारखान्यात तयार झालेले, दणकट होते. खरोखरच्या जुन्या वाद्यांवर किंवा त्यांच्या हुबेहूब प्रतिकृतींवर ध्वनिमुद्रणे करण्याची चाल नंतरची. म्हणजे त्यांना दोनशे वर्षांपूर्वीचा आवाज तर्काने पुन्हा उभा करावा लागला. आपल्याकडे परंपरा तुटलेली नव्हती. बीनकारांच्या घरातला माणूस जिवंत होता आणि त्याच्यासमोर ध्वनिमुद्रणाचे यंत्र होते.

खाँसाहेब यंत्रासमोर पहिल्यांदा बसले ते विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात, ग्रामोफोन कंपनीसाठी. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गायचे, आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढायची. तंबोऱ्याचा गुंजारव त्यात जवळजवळ येतच नसे, म्हणजे ज्याच्या आधारावर सगळे उभे तेच गायब. अनेक उस्ताद या यंत्रापासून चार हात दूर राहिले. आपली विद्या चोरीला जाईल ही भीती होती. खाँसाहेबांनी ती बाळगली नाही.

मधली पंचवीस वर्षे धावत सांगतो. 1913 मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले, 1917 मध्ये मुंबईत शाखा निघाली. मुले घरात ठेवून, जेवूखाऊ घालून शिकवण्याची पद्धत होती. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, हे त्यांचे सर्वांत नावाजलेले शिष्य. रोशनआरा बेगम, बेहरेबुवा, कपिलेश्वरीबुवा ही आणखी नावे. म्हैसूर दरबारी ते वारंवार जात, तिथे त्यांना संगीतरत्न ही पदवी मिळाली. कर्नाटक संगीत त्यांनी कान देऊन ऐकले, त्यागराजांची कृती गाऊन तिची तबकडीही काढली, आणि त्यांच्या गाण्यातली सरगम तिकडचीच देणगी मानली जाते. त्यांच्या कुत्र्याची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. टिपू नावाचा तो कुत्रा सुरात सूर मिसळत असे म्हणतात. आम्ही ती गोष्ट खोटी मानत नाही. त्या घरात राहून बेसूर भुंकणेच अवघड गेले असावे.

पण संसार टिकला नाही. 1922 च्या सुमारास ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, चंपाकळीची हिराबाई, गुलाबची कमलाबाई, सकीनाची सरस्वती, आणि कृष्णराव. मुलगे माने आडनावाने ओळखले जाऊ लागले, हिराबाई-कमलाबाई बडोदेकर झाल्या, सरस्वतीबाई लग्नानंतर राणे. वडिलांचे नाव एकाच्याही पुढे उरले नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्या गावातून बाहेर पडावे लागले त्याच गावाचे नाव ताराबाईंच्या मुलींनी रंगमंचावर नेले. हिराबाई पुढे तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या स्त्री-गायिकांपैकी एक झाल्या, 1970 मध्ये पद्मभूषण झाल्या. शिकल्या त्या वहीद खाँ यांच्याकडे आणि भाऊ सुरेशबाबूंकडे. वडिलांच्या शाळेत शेकडो मुले शिकत असताना त्यांच्या सर्वांत गुणी मुलीला तालीम दुसरीकडे घ्यावी लागली, हा हिशेब आम्हाला कधी जुळवता आलेला नाही.

आणि मग 1930 च्या दशकाच्या मध्यावर ओडियन कंपनीच्या तबकड्या आल्या. आता मायक्रोफोन आलेला होता. खाँसाहेब साठीच्या पुढे गेलेले. शरीर पहिल्यापासून किरकोळ, आवाज बारीक आणि टोकदार. पण या तबकड्यांत तो आवाज स्वरावर जसा जाऊन बसतो तसा क्वचित कोणाचा बसला असेल. झिंझोटीतली विरहाची ठुमरी, जमुनेच्या तीरावरची भैरवी, बसंतातले होळीचे गाणे, ही नावे जुन्या घरांत अजून निघतात. मराठी पदेही आहेत. मानापमानातली दोन पदे त्यांनी गायली आहेत आणि ती ऐकताना नाटक विसरायला होते. बसंतची तबकडी दुकानात वाजताना ऐकून गदगचा एक शाळकरी मुलगा वेडावला आणि पुढे गाण्यासाठी घर सोडून पळाला, ही भीमसेन जोशींची गोष्ट आता सर्वांना पाठ आहे. झिंझोटीची ठुमरी सैगलने देवदास चित्रपटात आपल्या पद्धतीने गायली.

याच सुमारास त्यांनी आणखी एक काम केले. गळा बाजूला ठेवून बीनवर ध्वनिमुद्रण केले. दरबारी आणि पिलू. एरवी मैफलीत गवई म्हणून मिरवणाऱ्या माणसाने कंपनीच्या खर्चातली, विकली जाण्याची शाश्वती नसलेली बाजू आपल्या पूर्वजांच्या वाद्याला द्यावी, यात त्यांचा स्वभाव दिसतो. आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती हीच. खरखर पुष्कळ आहे. पहिल्या वेळी खरखरच ऐकू येते.

या जुन्या तबकड्यांबद्दल जाणकारांत एक वाद नेहमी असतो. त्या काळी सगळ्या तबकड्या मिनिटाला बरोबर 78 फेऱ्यांनी मुद्रित होत नसत, विशेषतः कर्ण्याच्या काळातल्या. 74 ने भरलेली तबकडी 78 ने फिरवली तर सगळे गाणे जवळजवळ एका पट्टीने चढते, सा होता तिथे कोमल रे येतो, आणि गवयाचा आवाज होता त्याहून बारीक वाटतो. खाँसाहेबांचा आवाज फारच पातळ होता असे म्हणणाऱ्यांनी हेही तपासून पाहावे. पण आमच्यासारख्याला दिलासा देणारी गोष्ट अशी, की वेग चुकला तरी स्वरांचे आपसांतले प्रमाण चुकत नाही. 240 चे 250 झाले तर 300 चे आपोआप साडेतीनशेच्या बारा अलीकडे न जाता सव्वापटीनेच, म्हणजे 312.5 होतात. सांगलीत तारेवर मोजलेली ती प्रमाणे या तबकड्यांत सुरक्षित आहेत. श्रुती-हार्मोनियम बडोद्यात हरली. लाखेच्या तबकडीने तेच काम कोणाच्या लक्षात न येता केले.

ऑक्टोबर 1937 मध्ये खाँसाहेब मद्रासला कार्यक्रम करून पाँडिचेरीला श्री अरविंदांच्या आश्रमाकडे निघाले होते. रात्रीच्या गाडीत छातीत कळा येऊ लागल्या. सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्टेशनवर शिष्यांसह उतरले. फलाटावर अंथरूण घातले, तंबोरा जुळवायला सांगितला, नमाज केला आणि दरबारीत प्रार्थना म्हणता म्हणता 27 तारखेला प्राण सोडला. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले. तिथे उरुसात आजही त्यांच्या नावाने गाणे होते, मोठमोठे कलावंत बिदागीचा विचार न करता येऊन गातात.

घरी ऐकायचे असेल तर आमची एक सूचना आहे. झिंझोटीने सुरुवात करू नका, ती लगेच आवडते आणि मग पुढे जायला होत नाही. आधी बीनवरची दरबारी लावा. कानाला खरखरीची सवय होईपर्यंत दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी गांधारावर लक्ष ठेवा, तार ओढल्यावर तो खालून कसा येतो आणि कसा डोलतो ते. मग लगेच कुठलीही गायलेली तबकडी लावा. घरातली पेटी त्या वेळी बंद असू द्या.